वसाहतीतलं निसर्ग केंद्र: माळ, खुली जागा आणि पाणी

मराठवाड्यातल्या शहरांच्या कडेच्या वसाहती बहुतेक माळावर, नाहीतर कोरडवाहू रानावर उभ्या राहिल्या. छत्रपती संभाजीनगरात १९७०च्या दशकात सिडको या नगरविकासाच्या सरकारी महामंडळाने नवी वसाहत आखायला घेतली आणि पुढे वाळूजच्या एमआयडीसीने शहर पश्चिमेला ओढलं. लातूर, नांदेड, परभणीच्या कडेने एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट पडत गेले. सातबाऱ्यावर हा माळ पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून गेला तेव्हा कुणी हळहळलं नाही. वसाहतीतलं निसर्ग केंद्र या माळाची राखण करण्यासाठी असतं. ते नुसती बाग होऊन बसलं की त्याचं मुख्य काम सुटतं.

आधी पाणी आणि मग झाड, हा क्रम या भागाला नवा नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली ती नहरींच्या भरवशावर. डोंगरपायथ्याचं झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या मार्गाने शहरात येई. दिल्ली दरवाज्याजवळचा खिजरी तलाव आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. त्याच्या शेजारी हिमायत बाग टिकून आहे. तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र चालतं.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात निसर्ग म्हणजे वृक्षलागवड, असंच समीकरण झालं. १९७५चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाडं मोजतो. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग आला आणि सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प सगळीकडे पोचलं. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेमुळे शाळांमध्ये निसर्ग मंडळं निघाली, हे चांगलं झालं. पण ती शाळेच्या वेळापत्रकात अडकली आणि मे महिन्यात रोपं वाऱ्यावर. खरा फरक २००२च्या जैवविविधता कायद्याने पडला. नगरपालिका असो की ग्रामपंचायत, समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करणं आता बंधनकारक आहे, आणि तिच्यात झाडाबरोबर गवत, कीटक, बेडूक, पारंपरिक वाणही येतात. ही नोंद वर्षभर ठेवायला वसाहतीत ठिकाण लागतं.

ते ठिकाण ले-आउटमध्येच असतं. एक एकराच्या वरच्या ले-आउटला साधारण १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तिच्यावर आधी सभामंडप होतो, मग पत्र्याचं शेड आणि शेवटी पार्किंग. केंद्र करायचं तर मोजणी, कुंपण आणि पालिकेशी लेखी करार आधी, रोपं नंतर.

जागेचा निम्मा भाग गवताला द्यावा. पवन्या, मारवेल, कुसळी यांचं बी पहिल्या पावसात फोकायचं. कापणी बी झडल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास. आधी कापलं तर पुढच्या वर्षी गवत विरळ उगवतं आणि मोकळ्या जागेत गाजरगवत घुसतं. ते फुलण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटायचं, हातमोजे घालूनच. फेब्रुवारीच्या आत कुंपणालगत तीन मीटरचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, साफ हवा. उन्हाळ्यात फेकलेली एक बिडी सगळा पट्टा नेते. चंडोल आणि लावा हे पक्षी याच गवतात घरटी करतात; तिथे लॉन लावलं की दोन्ही जातात.

झाडं मोजकीच पण इथली लावावीत: बाभूळ, हिवर, पळस, बोर, कडुनिंब, आपटा. बाभळीचं बी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवलं की कवच मऊ पडतं. निंबोळी मात्र गोळा केल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेरावी, नंतर तिची उगवण झपाट्याने घटते. पिशवीच्या तळाशी मुळं गुंडाळलेली दिसली तर तेवढी छाटूनच लावावं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात आणि वरून हिरवं दिसणारं रोप आतून वाळतं. म्हणून आळ्यात चार बोटं पालापाचोळा अंथरावा. वाळवी लागू नये म्हणून तो बुंध्याला टेकवू नये.

पाण्याचा हिशेब आधीच मांडावा. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिमी पाऊस पडला तर गळती वजा जाता ५५ हजार लिटर पाणी मिळतं. २०० रोपांना आठवड्याला १५ लिटरप्रमाणे फेब्रुवारी ते मे या १६ आठवड्यांत ४८ हजार लिटर लागतं. म्हणजे पाऊस पुरतो, टाकी पुरत नाही. बोअर पुनर्भरणावर विसंबणं धोक्याचं, कारण बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून कुठे जाईल याचा भरवसा नसतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तशा वर्षी रोपांसाठी टँकर मागणं शोभत नाही. त्यामुळे टाकीत मावेल तेवढीच रोपं त्या वर्षी लावावीत.

आणखी एक काम केंद्राकडे आपोआप येतं, सापाचं. पावसाळ्यात नव्या वसाहतीत बिनविषारी धामण निघते आणि विषारी समजून मारली जाते. फलकावर धामण आणि विषारी घोणस यांची चित्रं शेजारीशेजारी लावावीत: घोणसेच्या अंगावर साखळीसारखे ठिपके, शेपूट आखूड, धामण लांब, सडपातळ, डोळे मोठे. खाली सर्पमित्राचा आणि १०८चा नंबर, आणि एक ओळ: चावल्यास कापू नका, आवळून बांधू नका, अंग हलू न देता थेट सरकारी रुग्णालयात न्या.