मीटरसोबत फुटपट्टीही लागते

मिक्सरवर चटणी फिरत असताना चुंबकीय क्षेत्राचा मीटर १५ सेंटिमीटरवर धरला, तर साधारण ३ ते १० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) दिसतात. ३० सेंटिमीटरवर तेच ०.५ ते २ वर येतात आणि ओट्यापासून दोन पावलं मागं सरकलं की घरातल्या नेहमीच्या पातळीत मिसळून जातात. ‘मिक्सरचं क्षेत्र किती?’ या प्रश्नाला त्यामुळे अंतर सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. मोटारीतल्या छोट्या गुंडाळीचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात उतरतं : अंतर दुप्पट, आकडा एक अष्टमांश. शेजारून जाणाऱ्या फेज-न्यूट्रलच्या (वीज आणणारी आणि परत नेणारी तार) जोडीचं वर्गाच्या प्रमाणात उतरतं. एकट्या पडलेल्या तारेचं मात्र अंतर दुप्पट केलं तरी फक्त निम्मं होतं. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मोबाइलमधली अ‍ॅप या कामाची नाहीत. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो, तो पृथ्वीचं स्थिर क्षेत्र मोजतो. मुंबईत ते चाळीसेक मायक्रोटेस्ला आहे, त्यामुळे फ्रिजजवळ ४३ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही; लोखंडी कपाटाजवळही आकडा असाच हलतो. हे स्थिर क्षेत्र मोजणारी कुलाब्याची वेधशाळा तर विजेच्या ट्राममुळे मोजमाप बिघडेल या धास्तीनं हलवावी लागली. १९०४ मध्ये अलिबागला नवं केंद्र झालं आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेवरची ट्राम धावली.

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट वाहते, म्हणून घरासाठी ५० हर्ट्‌झला बसणारा मीटर घ्यावा. तो मिलिगॉसमध्ये दाखवत असेल तर १० नं भागा, म्हणजे मायक्रोटेस्ला मिळतात. स्वस्त मीटर एकाच अक्षावर मोजतो, म्हणून एकाच जागी तो आडवा, उभा आणि समोर असा तीन काटकोनी दिशांना धरायचा. समजा ०.३, ०.४ आणि १.२ आले. तिघांचे वर्ग करून बेरीज १.६९, वर्गमूळ १.३ मायक्रोटेस्ला. नुसता सगळ्यात मोठा आकडा लिहून घेतला तर प्रत्येक वेळी थोडं कमीच मोजलं जातं.

त्याआधी मेन स्विच बंद करून प्रत्येक खोलीत एकदा मोजा. उरतं ते बाहेरचं : डक्टमधून वर जाणाऱ्या केबल, तळमजल्यावरची मीटर रूम, भिंतीपलीकडचा शेजाऱ्यांचा फ्रिज. रुळांलगतच्या इमारतीत एका आकड्यावर विसंबू नका, निदान दहा मिनिटं नोंद ठेवा. लोकल आता २५ हजार व्होल्टच्या, ५० हर्ट्‌झच्या विजेवर धावतात आणि गाडी सुटताना आकडा उसळू शकतो. पूर्वीच्या १५०० व्होल्ट डीसीच्या, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या काळात हाच मीटर त्या प्रवाहाबद्दल मूग गिळून बसला असता.

इंडक्शन शेगडीजवळ तो आजही तेच करतो. शेगडी २० किलोहर्ट्‌झच्या वर चालते, साध्या मीटरची धाव त्याच्या कितीतरी अलीकडे संपते. तिथं दिसलेलं शून्य हे मीटरचं आहे, शेगडीचं नाही. मीटर नसला तरी एक करता येतं : कडेला सरकलेलं किंवा गोलापेक्षा लहान पातेलं ठेवू नये, क्षेत्र बाहेर जास्त पसरतं. मायक्रोवेव्ह ओव्हनजवळ मात्र हा मीटर मोठा आकडा देतो. तो आतल्या ट्रान्सफॉर्मरचा असतो. २.४५ गिगाहर्ट्‌झची गळती मोजायला वेगळं उपकरण लागतं. तिची मर्यादा ओव्हनच्या बाहेरच्या पत्र्यापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट आहे.

५० हर्ट्‌झसाठी आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची २०१० ची सर्वसामान्यांसाठीची पातळी २०० मायक्रोटेस्ला आहे, घरातलं सरासरी क्षेत्र तिच्या जवळपासही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ मध्ये या क्षेत्राला ‘कदाचित कर्ककारक’ गटात ठेवलं. तो निर्णय मुख्यतः दीर्घकाळ सरासरी ०.३-०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या घरांतल्या मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासांवर होता; कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही.

मीटरचा खरा उपयोग वायरिंगमधला घोळ शोधायला होतो. खोलीच्या मधोमधही ०.५-१ मायक्रोटेस्ला दिसतात, चालत गेलं तरी ते सावकाश उतरतात आणि मेन बंद करताच जातात, तर कुठंतरी फेज आणि न्यूट्रल वेगवेगळ्या वाटेनं गेलेत, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली एकटी तार. नेहमीचे संशयित दोन : जंक्शन बॉक्समध्ये एकत्र पिळलेले दोन सर्किटचे न्यूट्रल, आणि जिन्याच्या टू-वे स्विचसाठी दुसरीकडून ओढलेली तार. एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा सुरक्षा स्विच) पाडत गेलं की सर्किट सापडतं. पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. तो त्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकत्र क्लॅम्प मीटरच्या जबड्यात घेतो. दोन्हींतले प्रवाह समान आणि उलट असतील तर शून्य दिसायला हवं. दोन अँपिअर दिसले, तर तेवढा प्रवाह दुसऱ्याच वाटेनं परततोय. ज्या घरात हे सर्किट स्वतंत्र आरसीसीबीवर (गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही की वीज तोडणारा स्विच) आहे तिथं तो सारखा पडतो, आणि बऱ्याचदा तोच बिघडला समजून बायपास केलेला सापडतो. न्यूट्रल ज्याचा त्याच्या सर्किटवर नेला की खोलीतला आकडा तिथल्या तिथं उतरतो. मग आरसीसीबी पुन्हा जोडून त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहावं.