हेदरचा रंग इतका टिकतो कसा?

ऑगस्ट-सप्टेंबरात स्कॉटलंडचे डोंगरउतार जांभळे होतात ते हेदरमुळे. शास्त्रीय नाव कॅल्युना व्हल्गॅरिस, उंची जेमतेम गुडघ्याएवढी. याचं इवलंसं फूल भिंगाखाली धरून पाहावं. जांभळ्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच! कळीला झाकणारी निदलं, जी एरवी हिरवी असतात, ती इथे मोठी आणि रंगीत झालेली असतात. खऱ्या पाकळ्या त्यांच्या आत दडलेल्या. बोगनवेलीच्या रंगीत पानांसारखाच हा प्रकार. निदलं कागदासारखी कोरडी असल्याने कापलेल्या फांद्या फुलदाणीतलं पाणी आटल्यावरही रंग बराचसा राखून वाळतात. हेदरचाच जवळचा नातलग एरिका; त्यात मात्र रंग खऱ्या पाकळ्यांचा असतो.

युरोपातल्या रोपवाटिकांनी याच्याही पुढची मजल मारली. काही झुडपांत जनुकीय बदलामुळे कळ्या कधी उमलतच नाहीत. उमलणं नाही, परागण नाही, म्हणून कोमेजण्याची घाईही नाही. थंडी पडेपर्यंत कुंडी रंगीत राहते. जर्मनीत शरद ऋतूत अशा कुंड्यांचा मोठा बाजार असतो. यातल्या बहुतेक जातींत पुंकेसरच नसतात, तेव्हा मधमाश्यांच्या दृष्टीने ही बाग म्हणजे बंद दुकान. मला हा सौदा तितकासा पटत नाही. कारण उमलणाऱ्या हेदरचा मध खास असतो: बरणीत जेलीसारखा घट्ट, ढवळला की पातळ, ठेवला की पुन्हा घट्ट. ही त्यातल्या प्रथिनांची करामत. असा मध पोळं नुसतं यंत्रात फिरवून सहज निघत नाही, पोळं दाबावं लागतं.

लागवडीत खरी अडचण मातीची. हेदरला आम्लधर्मी, निचऱ्याची, निकस माती लागते. तिथे मुळांतली बुरशी त्याला नत्र मिळवून देते. चुनखडीच्या जमिनीत लोह मुळांना मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. छाटणी दरवर्षी, पण फक्त हिरव्या भागापर्यंत. जुन्या लाकडात कात्री गेली तर तिथून सहसा पुन्हा फुटवा येत नाही.

आपल्याकडे रोपवाटिकांत कधीकधी ‘हेदर’ म्हणून मिळतं ते बहुधा क्युफिया. जांभळ्या फुलांचं, कुंपणाकडेला लावायचं ते झुडूप मूळचं मेक्सिकोकडचं. हेदरशी त्याचं काही नातं नाही. ते मेंदी, डाळिंब आणि आपल्या ताम्हणाच्या कुळातलं.