आम्ही येईपर्यंत सिमेंट लावू नका

आम्ही जुन्या वाड्यांच्या भिंती आणि दरवाजे चुन्यात दुरुस्त करतो. आम्हाला येणारे निम्मे फोन असे असतात : "वाड्याच्या दरवाज्याची भिंत सुटायला लागलीये, पाऊस तोंडावर आलाय. तोवर गवंड्याकडून सिमेंट भरून घेतो, तुम्ही सवडीनं या." कृपा करून तेवढं करू नका. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलं आहे.

आमचे बहुतेक ग्राहक जुन्या वाड्यांचे वारस आहेत. दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार), देवडी (दारामागची पहाऱ्याची जागा), बळद (भिंतीतलं धान्याचं कोठार) म्हणजे काय हे त्यांना सांगायला नको. पण दरवाजा आणि कोठार या वाड्यातल्या दोन सगळ्यात राबलेल्या जागा. त्या इतकी वर्षं कशामुळे टिकल्या हे कळलं, तर आमचं अर्धं काम सोपं होतं.

त्यासाठी एकदा पन्हाळ्याला जाऊन या. तीन दरवाजा नीट पाहा. बाहेरच्या दारातून आत शिरलं की मधे उघडा चौक आहे, कडेला पहाऱ्याच्या ओवऱ्या आहेत आणि मग दुसरं दार. पहिलं दार फोडून आलेला शत्रू या चौकात कोंडला जायचा. तिथून अंबरखान्याकडे, म्हणजे गडाच्या धान्यकोठाराकडे चला. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिथल्या कोठ्यांची नावं. गंगा सगळ्यात मोठी, सुमारे ३५ फूट उंच. आत सोळा खण, प्रत्येक खणावर चपटा घुमट आणि घुमटाच्या माथ्याला एक भोक. दोन्ही बाजूंच्या जिन्यांनी माथ्यावर चढायचं आणि त्या भोकांतून धान्य खाली सोडायचं. या एका कोठीत २५,००० खंडी (खंडी हे जुनं माप) धान्य मावायचं असं सांगतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज चार महिने गडावर अडकले होते. गडाला असं कोठार का लागतं, हे त्यावरून कळतं.

आता तुमच्या वाड्याचं बळद आठवा. तोंड माडीवर, काढायचं भोक खाली. नवं धान्य वरून पडतं, जुनं आधी खालून निघतं. अंबरखान्यात धान्य वरून भरायची जी रीत, तीच पणजोबांनी तुमच्या दोन भिंतींमधे बसवली. म्हणून बळद फोडून तिथे बाथरूम काढायचं म्हटलं की आमचा जीव तुटतो. (जमिनीत पेव, म्हणजे धान्य साठवायचं तळघर, असेल तर एक सांगून ठेवतो : बंद पेवात कुणालाही उतरू देऊ नका. आत साचलेल्या वायूनं माणूस जातो.)

सिमेंटचं दुखणं असं. जुनी भिंत दगडाची किंवा विटांची असते, पण तिचे सांधे चुन्याचे असतात. पायातून वर चढलेली ओल त्या चुन्यातून हळूहळू बाहेर पडते आणि भिंत वाळते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ही वाट बंद होते. ओल आतच फिरते, दगडाविटांत शिरते, सोबतचे क्षार पृष्ठभागाशी फुलतात आणि लोणा लागून पोपडे सुटतात. मग घरमालक म्हणतो, भिंत खराब झाली, आणखी एक हात मारा! बळदाच्या भिंतीला असं झालं तर पहिल्याच पावसाळ्यात धान्याला कुबट वास येतो.

दरवाज्यात हे आणखी लवकर होतं. जुन्या दाराला बिजागऱ्या नसतात. फळीच्या कडेची खुंटी खाली दगडाच्या खळग्यात फिरते आणि सगळं वजन तिच्यावर असतं. एका वाड्यात गाडी आत घेता यावी म्हणून देवडीत तीन इंच काँक्रीट ओतलं होतं. खळगा त्याखाली गेला, पाणी साचत राहिलं. आम्ही काँक्रीट फोडून दार उचललं तेव्हा सागवानी खुंटी बोटानं दाबली तरी भिजलेल्या भुशासारखी सुटत होती. वरची गणेशपट्टी, खिळे, दिंडी सगळं ठणठणीत, गेली ती फक्त टीचभर जागा. तेवढ्यासाठी अख्खं दार उतरवावं लागलं. नवी खुंटी बसवायला दोन दिवस लागले, काँक्रीट काढायला सहा.

म्हणूनच आमच्या अंदाजपत्रकात 'सिमेंट काढणे' ही वेगळी ओळ असते आणि तिचे पैसे दिवसाच्या हिशेबानं लागतात. यावरून वाद होतात. पण सिमेंट दगडाला चिकटलं की छिन्नीनं कणाकणानं सोडवावं लागतं. घाई केली तर दगडाचा चेहराच निघून येतो. मशीन आम्ही वापरत नाही, ते यासाठीच.

"चुना एवढा वेळ का खातो?" हाही नेहमीचा प्रश्न. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरवावा लागतो, आमच्या हौदात तो आधीपासून मुरत असतो. मग वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून घोटायचा, कामाप्रमाणे गूळ, बेलफळाचा गर, हिरडा यांचं पाणी घालायचं. लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, म्हणून थर पातळ आणि दोन थरांत दिवस सोडायचे. भर उन्हात ओली गोणपाटं टाकून ठेवतो. धो धो पावसात काम धरत नाही. दिवाळीनंतरच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा पाहणी पावसाळ्यातच करून घेतलेली बरी. ओल कुठून येते तेही तेव्हाच दिसतं.

आम्ही येईपर्यंत काय करायचं? फटीत काही भरू नका. वरून पाणी येत असेल तर ताडपत्री टाका. पिंपळाचं रोप उगवलं असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगड निघतो. नुसतं कापा, मूळ आम्ही काढू. दार ऑइलपेंटनं रंगवू नका. आधीचा गिलावा कशाचा आहे हे कळत नसेल तर त्यावर ओंजळभर पाणी मारून बघा : चुन्यात ते पटकन जिरतं, घोटीव सिमेंटवरून ओघळतं.

दरवाज्याचे आतून-बाहेरून, उंबऱ्याजवळच्या खळग्याचे आणि बळदाच्या खालच्या भोकाचे फोटो फोनवर पाठवा. पहिल्या पाहणीला फक्त येण्याजाण्याचा खर्च घेतो. नुसत्या खुंटीचं काम असेल तर तसंच सांगू, अख्खी भिंत काढायला लावणार नाही. आणि चार-पाच घरांचे लोक जमले तर एका रविवारी पन्हाळ्याला आम्हीच घेऊन जातो. अंबरखान्याच्या भिंतीपाशी उभं राहून चुन्याचा सांधा कसा दिसतो ते दाखवतो.