‘शून्य प्रश्न’ म्हणजे शून्य काम?

“आपल्या खासदाराने पाच वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे तोंडच उघडलं नाही,” हा फॉरवर्ड दर निवडणुकीआधी फिरतो. आकडा कधी कधी खराही असतो. अर्थ मात्र चुकू शकतो.

आधी खासदार मंत्री आहेत का ते पाहा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. हजेरीही नोंदवत नाहीत, म्हणून तो रकानाही कोराच.

मंत्री नसतील, तर मोजलंय नेमकं काय? लोकसभेत दिवसाला जास्तीत जास्त २० तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात; क्रम सोडतीने ठरतो. अतारांकिताचं उत्तर लेखीच मिळतं, त्यासाठी सभागृहात उभंही राहावं लागत नाही. म्हणजे नावावर तीनशे प्रश्न आणि भाषण एखादंच, असंही होतं. उलट शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायची वेळ) किंवा नियम ३७७ खाली (मतदारसंघातले विषय मांडायची लोकसभेतली सोय) गावच्या रेल्वे फाटकाचा विषय मांडला, तर तो प्रश्नांत धरला जात नाही.

संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचं नाव शोधा. प्रश्न वेगळे, चर्चा वेगळ्या दिसतील. मी तरी आकड्यावर न थांबता एखादं भाषण उघडून वाचते. स्थायी समितीतलं, म्हणजे मंत्रालयांचं काम आणि विधेयकं तपासणाऱ्या खासदारांच्या गटातलं काम मात्र तिथे फारसं कळत नाही. त्या बैठका बंद दाराआड होतात.