कशापासून शून्य?

‘जग शून्य आहे असे म्हणतात, ते कोणत्या अर्थाने?’ शिष्य आनंदांनी बुद्धांना विचारलेला हा प्रश्न संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात, आहे. उत्तर साधे आहे: त्यात ‘मी’ नाही आणि ‘माझे’ म्हणावे असेही काही नाही, म्हणून ते शून्य. ‘काहीच नाही’ असे बुद्ध म्हणत नाहीत. शून्य म्हणजे कशापासून शून्य, हे विचारल्याशिवाय या शब्दाला अर्थच येत नाही. पुढच्या सगळ्या वादांची गाठ मला इथेच दिसते.

उपनिषदांनी देहामनापलीकडच्या नित्य आत्म्याचा शोध घेतला होता. सारनाथला पाच भिक्खूंपुढे बुद्धांनी तोच शोध उलट्या बाजूने घेतला. रूप (देह), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणे), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती), विज्ञान (जाणीव) हे पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते घटकसमूह, एकेक करून तपासले. हे रूप माझे असते तर ‘असे हो, तसे होऊ नको’ म्हटल्यावर त्याने ऐकले असते. पण ते ऐकत नाही. आजारी पडलेल्या कुणालाही हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही.

यातला सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्त रथाचा. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, रथातून आल्याचे सांगतो. भिक्खू नागसेन विचारतात, दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? जू? प्रत्येक वेळी राजा ‘नाही’ म्हणतो. मग हे सगळे सोडून वेगळा रथ आहे का? तोही नाही. तरी राजा रथातून आला, हे खोटे नाही. हाच दृष्टान्त संयुत्त निकायात वजिरा नावाच्या भिक्खुणीच्या तोंडी आहे. ‘हा जीव कुणी घडवला?’ असे विचारून माराने, म्हणजे साधकांना भुलवणाऱ्या दुष्ट शक्तीने, तिला घाबरवू पाहिले, तेव्हा तिने तो दिला. श्रेय नागसेनांना मिळते आणि वजिरेचे नाव मागे पडते, याची मला खंत वाटते.

पुढे अभिधर्माच्या, म्हणजे बुद्धांच्या शिकवणीची तात्त्विक मांडणी करणाऱ्या शास्त्राच्या, आचार्यांनी व्यक्तीचे धर्मांत, म्हणजे मूळ घटकांत, विश्लेषण केले. त्यांच्यातल्या सर्वास्तिवादी पंथाने त्या घटकांना स्वतःचा स्वभाव, म्हणजे कायमचे स्वतःचे स्वरूप, आहे असे मानले. रथ गेला, पण चाक पक्के उरले. महायानातल्या प्रज्ञापारमिता सूत्रांनी आणि इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुमारास नागार्जुनांनी तोही आधार काढून घेतला. मूलमध्यमककारिका या आपल्या ग्रंथाच्या 24व्या प्रकरणात ते लिहितात, जो प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कारणांवर अवलंबून घडणे, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. कारणांवर अवलंबून असलेल्या गोष्टीला स्वतःचा स्वयंभू स्वभाव कुठून असणार? त्याच प्रकरणात इशाराही आहे: चुकीच्या पद्धतीने धरलेला साप जसा घात करतो, तशी नीट न समजलेली शून्यताही.

सातव्या शतकात चंद्रकीर्तींनी प्रसन्नपदा या कारिकेवरील टीकेत हा धोका, शून्यतेलाच एक वस्तू समजण्याचा, एका प्रसंगातून दाखवला. विक्रेता म्हणतो, ‘तुला द्यायला माझ्याकडे काहीच नाही.’ गिऱ्हाईक म्हणते, ‘मग ते काहीच-नाही तेवढे दे.’