वनहक्क कायदा

वनहक्क कायदा : जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, पण कागदोपत्री तिथे ‘अतिक्रमणदार’ ठरलेल्या आदिवासी व इतर वननिवासींचे हक्क मान्य करणारा भारतीय केंद्रीय कायदा. पूर्ण नाव ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’. संसदेने तो डिसेंबर २००६ मध्ये मंजूर केला. त्याखालचे नियम १ जानेवारी २००८ रोजी आले. वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही सरकारी जंगले आखताना या लोकांचे जमिनीवरचे व वस्तीचे हक्क पुरेसे मान्य झाले नाहीत आणि त्यातून ‘ऐतिहासिक अन्याय’ घडला, असे कायद्याच्या उद्देशिकेतच म्हटले आहे. सरकारने स्वतःविरुद्ध दिलेली अशी साक्ष आपल्या कायद्यांत क्वचितच सापडते. साक्ष दिली, पण ज्या यंत्रणेने अन्याय केला तिचा मूळ कायदा, म्हणजे १९२७ चा भारतीय वन अधिनियम, जागच्या जागी राहिला. वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

वनखात्याची स्थापना १८६४ ची. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिच ब्रँडिस हे त्याचे पहिले महानिरीक्षक. रेल्वेचे स्लीपर आणि जहाजबांधणीचे सागवान ही त्या काळची निकड होती. १८६५ चा पहिला वन कायदा अपुरा वाटू लागला तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांतच वाद पेटला. गावांकडे त्यांची जंगले काही प्रमाणात राहावीत, असे ब्रँडिसचे मत. जंगल ही निखळ सरकारी मालमत्ता, लोक वापरत आले ती केवळ सवलत, असा बेडन-पॉवेल यांचा पक्ष. १८७८ च्या कायद्यात दुसरी बाजू जिंकली. जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार झाले. यातले ग्रामवन बहुतांशी कागदावरच राहिले. राखीव जंगलात स्पष्ट परवानगी नसलेली प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरली.

राखीव जंगल घोषित करण्याची पद्धत पाहिली की हक्क कसे गेले ते कळते. १९२७ च्या कायद्यातही तीच पद्धत आहे. वन जमाबंदी अधिकारी जाहीरनामा काढतो. किमान ३ महिन्यांच्या मुदतीत ज्याचा जो हक्क असेल त्याने तो येऊन सांगायचा. जो सांगितला गेला नाही आणि चौकशीतही पुढे आला नाही, तो हक्क संपला. लिहिता-वाचता न येणाऱ्या, कचेरीची पायरी न चढलेल्या माणसापर्यंत हा जाहीरनामा किती पोचला असेल, याचा अंदाज करायला फार विद्वत्ता लागत नाही.

ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) भागात हा बडगा राबावर, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजण्याच्या पद्धतीवर, बसला. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण रोपांच्या तुकड्यावर पसरून पावसाआधी भाजायचे, म्हणजे तण मरते आणि राखेत भाताचे व नागलीचे रोप जोमाने येते. फांदी तोडणे हाच गुन्हा ठरला तर रोप कशावर करायचे? असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. डोंगर, टेकड्या, गायराने सगळी वनखात्याने घशात घातल्यामुळे शेतकऱ्याला शेरडे चारायलाही जागा उरली नाही, हा जोतीराव फुले यांचा संतापही याच दशकातला. पुढे १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला. यवतमाळ भागात बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात मारल्या गेलेल्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता.

स्वातंत्र्यानंतर धोरण बदलेल, ही अपेक्षा फोल ठरली. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने तर असे मांडले की एखादे गाव जंगलाजवळ असणे हा योगायोग आहे आणि त्यामुळे राष्ट्रीय संपत्तीवरील साऱ्या देशाच्या हक्काला बाध येत नाही. विलीन झालेल्या संस्थानांची आणि जमीनदारांची जंगले वनखात्याकडे आली, पण अनेक ठिकाणी हक्कांची चौकशी अर्धवट राहिली किंवा झालीच नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९८० चा वनसंरक्षण कायदा यांनी फास आणखी आवळला. विदर्भात जिला ‘जबरानजोत’ म्हणतात ती वनजमिनीवरील कसणूक अशीच पिढ्यान्‌पिढ्या बेकायदा राहिली. मे २००२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना धाडले. अनेक राज्यांत झोपड्या पाडल्या, पिके उपटली गेली, आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या देशव्यापी आंदोलनातून हा कायदा आला.

कायद्याने मान्य केलेले हक्क ढोबळमानाने दोन तऱ्हेचे आहेत. वैयक्तिक हक्कात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेली जमीन येते, कमाल ४ हेक्टर. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो. तो वारसांना मिळतो, पण विकता येत नाही. अनुसूचित जमातींखेरीज इतरांना मात्र ३ पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ही अट इतकी जाचक आहे की त्यांच्यासाठी कायदा असून नसल्यासारखाच. सामूहिक हक्कांत चराई, मासेमारी, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे उत्पन्न) आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतील जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार येतो.

दावा ग्रामसभेपुढे दाखल होतो. वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग कागद उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुरावा म्हणून जुने बांध, घर, देवस्थान, दफनभूमी, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब हे सारे चालते. यात एक गमतीची गोष्ट घडली. वनरक्षकाने वर्षानुवर्षे फाडलेली दंडाची पावती कसणुकीचा पक्का पुरावा ठरली! ज्यांनी त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या, त्यांचे दावे भक्कम झाले. ज्याने दंडाऐवजी कोंबडी देऊन सुटका करून घेतली, त्याच्याकडे दाखवायला काही नव्हते.

सामूहिक हक्कांचे ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा कायद्याच्या कितीतरी आधीची. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण अडले ते बांबूवर. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो. १९२७ च्या कायद्यात तो झाड होता, आणि झाड म्हणजे वनखात्याचे. गावाने बांबू तोडला तरी वाहतूक परवाना खात्याच्या हातात! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. १९२७ च्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला, पण सुटका झाली ती जंगलाबाहेरच्या बांबूची; जंगलातल्या बांबूला तो कायदा लागूच राहिला.

ग्रामसभेच्या अधिकाराची मोठी कसोटी ओडिशातील नियमगिरीत लागली. बॉक्साइट खाणीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांवर सोपवला आणि डोंगरिया कोंध या आदिवासी जमातीच्या वस्तीतील बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

वैयक्तिक दाव्यांची कहाणी इतकी सुखाची नाही. असंख्य दावे कारण न कळवता फेटाळले गेले, अनेकांना कसलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्राचा पट्टा मिळाला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या शेतकरी मोर्चात बहुसंख्य आदिवासी होते आणि वनपट्टे ही त्यांची प्रमुख मागणी होती. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला. १० लाखांहून अधिक दावेदारांवर टांगती तलवार आली. देशभर गदारोळ झाल्यावर २८ फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. महाराष्ट्रात राज्यपालांनी २०२० मध्ये राज्यघटनेच्या (आदिवासी क्षेत्रांविषयीच्या) पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली.

२०२२ च्या वनसंरक्षण नियमांनी जंगल इतर कामासाठी वळवताना केंद्राच्या मंजुरीआधी वनहक्कांची पूर्तता पाहण्याची जबाबदारी केंद्रावरून काढून राज्यांवर टाकली. मंजुरी हातात पडल्यावर ग्रामसभेच्या नकाराला कितपत वजन राहील, यावरून केंद्र सरकार आणि आदिवासी संघटना यांच्यात वाद आहे.