एचआयव्ही उपचारातील नियमितपणा आणि मोबाइल

एचआयव्हीबाधित व्यक्तीने आयुष्यभर रोज घ्यावयाच्या गोळ्यांत खंड पडू नये म्हणून लघुसंदेश, ध्वनिमुद्रित कॉल, मिस्ड कॉल किंवा ॲप यांचा आधार घेण्याची पद्धत. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीविरोधी उपचाराच्या, औषधांनी विषाणू नष्ट होत नाही, त्याची वाढ तेवढी रोखली जाते. त्यामुळे गोळ्या वारंवार चुकल्या की तो पुन्हा वाढू लागतो आणि औषधाला न जुमानणारे त्याचे प्रकार तयार होण्याचा धोका उद्भवतो. भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत दिली जाऊ लागली. उरलेल्या गोळ्या मोजून तेथे नियमितपणा तपासतात आणि ९५ टक्क्यांची अपेक्षा धरतात. दिवसाला एकच गोळी असेल, तर महिन्यात दोन चुकल्या तरी रुग्ण या रेषेच्या खाली जातो.

या पद्धतीची सर्वाधिक चर्चिली गेलेली चाचणी केनियातील असून तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ५३८ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना आठवड्यातून एकदा स्वाहिली भाषेत ‘मांबो?’, म्हणजे ‘कसं काय?’, एवढाच संदेश जाई. ४८ तासांत ‘सावा’ (ठीक आहे) किंवा ‘शिदा’ (अडचण आहे) असे उत्तर अपेक्षित असे, आणि अडचण कळवणाऱ्याला तसेच गप्प राहणाऱ्याला दवाखान्यातून फोन केला जाई. या गटातील ६२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५० टक्के रुग्णांनी गोळ्या नियमित घेतल्याचे सांगितले. संदेशात औषधाचा उल्लेखही नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याउलट दक्षिण भारतातील ६३१ रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला स्वयंचलित कॉल आणि चित्रसंदेश पाठवूनही उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. फोन केवळ वेळेची आठवण देतो की अडचण ऐकून घेणाऱ्या माणसापर्यंत पोचवतो, यावर बरेच अवलंबून असावे.

कोकण किनाऱ्यावर गोळ्या चुकण्यामागे विसरभोळेपणापेक्षा स्थलांतर अधिक असू शकते. ट्रॉलरवर गेलेला खलाशी किनाऱ्यापासून दूर गेला की रेंजबाहेर जातो, म्हणून त्याला संदेशापेक्षा फोनमधला गजर आणि निघण्यापूर्वी मोजून घेतलेल्या गोळ्या अधिक उपयोगी. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याचा मुक्काम लांबला, तर पिशवीतल्या गोळ्या संपतात. अशा वेळी मुंबईच्या केंद्रातील समुपदेशकाला केलेला फोन जवळच्या केंद्राची वाट दाखवू शकतो. हंगाम संपल्यावर आंबाबागांतील नेपाळी राखणदार परततात, तेव्हा त्यांच्या बाबतीत भारतीय सिमकार्डावरचा संपर्कही तुटण्याचा संभव असतो. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज गेली, तर गजर वाजवणारा फोनच बंद पडतो.

गोपनीयतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. घरात एकच फोन असतो, तो मुलांच्या हातात असतो, आणि वाडीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. एचआयव्हीविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाची माहिती जपणे संस्थांवर बंधनकारक आहे. म्हणून संदेशात रोगाचे वा केंद्राचे नाव नसावे आणि तो कोणत्या वेळी यावा हे रुग्णाने ठरवावे.

क्षयरोगासाठी भारतात वापरलेल्या ‘९९ डॉट्स’ पद्धतीत गोळी बाहेर काढली की पाकिटावरचा दडलेला क्रमांक दिसतो आणि रुग्ण त्यावर मोफत कॉल करतो; एआरटी केंद्रांतील क्षयबाधित रुग्णांसाठीही ती वापरली गेली. अशा कॉलवरून पाकीट उघडल्याचे कळते, गोळी गिळल्याचे नव्हे. रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी चाचणी त्यामुळे टळत नाही.